धयकाल्यातली द्रौपदी आणि मांडावरच्या बायका

सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली, ओटी भरणाऱ्या बायकांची रांग ओसरली की देवळासमोरच्या मांडवात पायपेटी आणि मृदंग लागतात. मध्यरात्र उलटल्यावर केव्हातरी द्रौपदी कौरवसभेत उभी राहते. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला बायको पणाला लावायचा अधिकार कुठून आला, असे ती सगळ्या वडीलधाऱ्यांना विचारते. समोर चटईवर बसलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसतात. ही द्रौपदी म्हणजे लुगडे नेसलेला, केसांचा टोप चढवलेला एक पुरुष असतो. मालवणी मुलखात बाईच्या मनातले चारचौघांत, मोठ्याने बोलायचे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाच्या गळ्याने केले आहे. बाईचा स्वतःचा गळाही या काळात गप्प नव्हता. तो गात होता, भांडत होता, नक्कल करत होता, पण दुसऱ्या जागी. त्या जागेकडे आपले लक्ष फारच कमी गेले.

आधी दशावताराविषयी. मालवणीत याला धयकालो म्हणतात, कारण नाटक संपता संपता पहाटे दहीहंडी फुटते. कार्तिकात देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत कंपन्या गावोगाव फिरत राहतात. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर, चेंदवणकर ही आडनावे इथे नाटक कंपन्यांची म्हणून माहीत आहेत. सुरुवातीला आडदशावतार होतो. गणपती ऋद्धी-सिद्धीसह येतो, सरस्वती येते, भटजी येतो, मालवणीत बोलणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मग पुराणातले आख्यान लागते. लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान, कुणाचा कोणता पार्ट, कुठला प्रवेश कुणानंतर, एवढेच आधी ठरते. संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. रंग स्वतःच लावायचा, पेटारा स्वतःच सांभाळायचा. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे या नटांबद्दल लोक म्हणत आले आहेत, ते पायी प्रवासाच्या काळात अक्षरशः खरे होते.

या व्यवस्थेत राजपार्टी नटाइतकाच मान स्त्रीपार्टी नटाला असतो. गावकरी कंपनी ठरवताना स्त्रीपार्ट कोण करतो हे विचारून घेतात. ओमप्रकाश चव्हाण यांचे नाव आजच्या पिढीला या भूमिकांमुळेच माहीत झाले. हे काम दिसते त्याहून अवघड आहे. नटाला नाट्यपदे गाता यावी लागतात, नऊवारीत रात्रभर वावरावे लागते, आणि समोरचा राजा शास्त्रातला दाखला देऊ लागला तर त्याला तितक्याच तोडीचा दाखला देऊन गप्प करावे लागते. नटाचे वाचन किती आहे हे तिथे उघडे पडते. सावित्री यमाशी वाद घालते, अनसूया तीन देवांना बाळे करून टाकते, द्रौपदी भीष्माला निरुत्तर करते. स्त्रीपार्टी नटाची परीक्षा रूपापेक्षा या वादांत होते.

तरीही ती स्त्री पुरुषाने कल्पिलेली असते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आख्यानांतल्या बायका बहुतेक दोन साच्यांत बसतात. एक पतिव्रता, जिची कसोटी पाहिली जाते. दुसरी कपटी सवत, नाहीतर मोहात पाडणारी राक्षसी, जिला शेवटी शासन होते. कष्टकरी बाई, नवऱ्यावाचून शेत सांभाळणारी बाई या आख्यानांत मध्यभागी येत नाही. चांगला नट मात्र साच्याला फट पाडतो. संवाद त्याचेच असल्यामुळे सासरच्या जाचाचे एखादे वाक्य, माहेरच्या वाटेची एखादी आठवण तो राणीच्या तोंडी घालतो, आणि ती त्याच्या आईकडून किंवा बहिणीकडून आलेली असते. मांडवात पुढे बसलेल्या बायका रडतात त्या अशा जागी.

शहरी रंगभूमीवर पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची ही रीत बऱ्याच आधी बदलली. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांची कीर्ती शिखरावर नेली होती. त्यानंतर १९३३ मध्ये मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. मराठी नाटकाने ते वळण घेतले. दशावताराने घेतले नाही.

कारण सांगताना लोक प्रवासाची अडचण पुढे करतात. रोज नवे गाव, देवळाच्या ओवरीत झोप, रात्रभर नाटक. ही अडचण खरी आहे, पण तेवढ्याने भागत नाही. नाटक देवळाच्या अंगणात, देवाच्या कार्याचा भाग म्हणून होते, त्यामुळे विटाळाच्या कल्पना तिथपर्यंत पोचतात. आणि त्याहून खोल गोष्ट म्हणजे या किनाऱ्यावर देवळात गाणारी, सेवा करणारी बाई पूर्वी होतीच. सावंतवाडी, रत्नागिरी, गोवा या भागांतल्या देवळांत भाविणी होत्या. दिवाबत्ती, चवरी, पालखीपुढची सेवा त्यांच्याकडे असे. त्यांना लग्नाचा हक्क नव्हता आणि गावातल्या प्रतिष्ठितांच्या मर्जीवर त्यांचे आयुष्य चाले. १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. प्रथा मोडली ते योग्यच झाले. पण चारचौघांत नटणारी, गाणारी बाई म्हणजे ‘तसली’ बाई, हा समज मात्र मागे उरला. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलीने रंग लावू नये, याची मुळे तिथे आहेत. पुरुषाने लुगडे नेसले तर ती कला झाली. बाईने त्याच मांडवात तेच लुगडे नेसून बोलायचे ठरवले असते, तर तिच्या लग्नाची चर्चा सुरू झाली असती.

आश्चर्य वाटते ते यामुळे, की गावची सत्ता इथे बहुधा देवीची असते. सातेरी, माऊली, पावणाई, भगवती ही नावे वाडीवाडीत आहेत. देवतांचे प्रतीक असलेल्या तरंगकाठ्यांना लुगडी नेसवतात, आणि ते तरंग खांद्यावर घेऊन अवसार अंगात येणारे पुरुषच असतात. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पारधीनंतर ठरतो, आणि जत्रेच्या दिवशी आंगणे घराण्यातल्या बायका देवीचा प्रसाद मौन पाळून रांधतात. सोनुर्लीच्या माऊलीच्या जत्रेत पुरुष देवळाभोवती जमिनीवर लोळत लोटांगण घालतात, स्त्रिया मात्र उभ्याने घालतात. गाऱ्हाणे घालणारा गावकर पुरुष आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देणारेही पुरुष. देवीच्या नावाने बोलायचे ते पुरुषाने आणि देवीसाठी राबायचे ते बायकांनी, अशी ही वाटणी अगदी नेमकी ठरलेली आहे.

आता दुसऱ्या जागेकडे येऊ. पौषाच्या चांदण्या रात्री गोव्यात आणि गोव्याला लागून असलेल्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात धालो होतात. ठरलेल्या अंगणाला मांड म्हणतात. तो शेणाने सारवतात, आणि रात्रीची जेवणे उरकली की बायका तिथे जमतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेभोवती हात घालून पुढे-मागे झुलत गातात. एका रांगेने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. देवांना, वनदेवतांना बोलावणे होते, मग घरची गाणी येतात. शेवटच्या रात्री काहींच्या अंगात रंभा येते. आणि मग सोंगे. बायका धोतर नेसतात, मुंडासे बांधतात, शिकारी होतात, पुरुषांच्या चालीची आणि बोलण्याची नक्कल करतात. पुरुषांना मांडावर प्रवेश नसतो.

म्हणजे वेषांतर दोन्ही बाजूंनी होते. पुरुष बाई होतो ते सगळ्या गावासमोर, नाईटचे पैसे घेऊन, नाव कमावून. बाई पुरुष होते ती फक्त बायकांसमोर, बिदागीशिवाय, आणि दुसऱ्या दिवशी त्या रात्रीचे काहीच बाहेर येत नाही. पहिल्या वेषांतरावर लेख आले, पुरस्कार आले. दुसऱ्याचा बराचसा ठेवा त्या त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांबरोबर गेला. मला या असमतोलाची खंत वाटते, कारण सोंगे घेणाऱ्या बायकांची निरीक्षणशक्ती कुठल्याही स्त्रीपार्टी नटापेक्षा कमी नसते. दारू पिऊन घरी आलेला नवरा, हिशेब चुकवणारा सावकार, आईपुढे मान खाली घालणारा मुलगा, हे त्यांनी रोज जवळून पाहिलेले असते.

फुगडी ही या मांडाची थोडी मोकळी बहीण. चतुर्थीच्या दिवसांत, गौरीच्या जागरणात, घराच्या ओसरीवर किंवा मांडवात ती चालते. गोल फुगडी, बसफुगडी, कोंबडा, सूप हातात घेऊन घातलेली फुगडी, असे तिचे किती तरी प्रकार. गाण्यांत सासू येते, नणंद येते, मुंबईला गेलेला घोव, म्हणजे नवरा, येतो. एरवी जी सून सासूपुढे तोंड उघडत नाही ती फुगडीच्या लयीत तिच्यासमोरच तिच्या कंजूषपणाचे गाणे म्हणते, आणि सासूला त्या तालावर टाळी द्यावी लागते. रागावता येत नाही, कारण ते गाणे आहे. बोलण्याचा हा परवाना वर्षातून काही दिवस मिळतो आणि बायका तो पुरेपूर वापरतात.

त्या मुंबईच्या घोवाशिवाय इथला बाई-पुरुषांचा संबंध समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरणी, गोदी, बोटी यांनी कोकणातले पुरुष ओढून नेले. चाकरमानी चतुर्थीला आणि शिमग्याला येई, मनीऑर्डर महिन्याला. मधल्या काळात भातशेती, गुरे, म्हातारे सासू-सासरे आणि कोर्टातला बांधाचा तंटाही बाईकडे. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये हा आकडा १,०३६ वर आला. शेजारच्या रत्नागिरीत तो तेव्हाही ११०० च्या वर होता. किनाऱ्यावर गाबीत बायका रापणीतून, होड्यांतून उतरलेली मासळी लिलावात घेतात, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठतात आणि पैसा स्वतःच्या हातात ठेवतात. व्यवहारात बाई इतकी पुढे, आणि तरी रंगमंचावर आणि गाऱ्हाण्यात तिची जागा पुरुषाने घेतलेली. मला वाटते, व्यवहारातली ही सत्ता नाइलाजाने आली म्हणून गावाने ती कधी मान्य केली नाही. घोव परत येईपर्यंत सांभाळायचे, एवढाच तिचा अर्थ लावला गेला.

याच समुद्राच्या पलीकडे, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, स्वाहिली बोलणाऱ्या समाजात ही वाटणी जवळपास अशीच होती, म्हणून तिकडे पाहण्यासारखे आहे. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांनी हे दोन किनारे शतकानुशतके जोडलेले होते. झांझिबारला उन्यागो नावाचा विधी आहे. वयात आलेल्या मुलींना बायका ढोल, गाणी आणि नाच यांतून संसाराचे, शरीराचे ज्ञान देतात, आणि तिथेही पुरुषांना मज्जाव. बंद वर्तुळ आपल्या मांडासारखेच. दुसरीकडे ‘तारब’ हे दरबारी संगीत. सुलतान बरघाशच्या काळात, म्हणजे १८७० ते १८८८ च्या दरम्यान, इजिप्तकडून आलेले, अरबी भाषेत, पुरुषांनी गायलेले.

तिथे मात्र एक बाई बंद वर्तुळातून बाहेर आली. सिती बिंती साद. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, गुलामगिरीची पार्श्वभूमी असलेल्या गरीब घरातला. ती मातीची भांडी विकत फिरायची. शहरात येऊन तिने गाणे शिकले, आणि अरबी तारब तिने बाजारातल्या लोकांच्या स्वाहिलीत आणले. १९२८ मध्ये ती आपल्या वादकांसह बोटीने मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी तिने गाणी ध्वनिमुद्रित केली. स्वाहिली संगीताच्या पहिल्या तबकड्यांत त्यांची गणना होते, आणि त्या आपल्या मुंबईत भरल्या गेल्या. तिचे ‘किजिती’ हे गाणे एका खुनाविषयी आहे. एका गरोदर बाईवर अत्याचार करून तिला मारणारा पुरुष पळून जातो आणि न्यायालय शिक्षा करते ती तिच्याबरोबरच्या बायकांना. हा अन्याय तिने नाव घेऊन, सगळ्यांसमोर गायला. १९५० मध्ये ती वारली, आणि शाबान रॉबर्ट या मोठ्या स्वाहिली लेखकाने तिचे चरित्र लिहिले.

सितीनंतर झांझिबारला बायकांचे तारब संघ झाले. ते एकमेकांविरुद्ध गायचे, आणि आपल्या भजनाच्या डबलबारीत दोन बुवा एकमेकांना गजरातून चिमटे काढतात तसेच चिमटे काढायचे. ओळ वर्मी लागली की प्रेक्षकांतली बाई उठून गायिकेला पैसे देते. ते कुणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळते, पण नाव कुणी घेत नाही. कांगा नावाच्या छापील कापडावर एक वाक्य असते, आणि शेजारणीला किंवा सवतीला जे तोंडावर सांगता येत नाही ते त्या वाक्याचा कांगा नेसून सांगतात. आमच्या फुगडीतल्या सुनेला हे लगेच कळेल. फरक आहे तो बी किडुडेसारख्या गायिकांत. ती उन्यागोचे ढोलही वाजवायची आणि तारबच्या मंचावरही गायची, आणि २०१३ मध्ये वारली तेव्हा जगभर ओळखली जात होती. बंद वर्तुळाची विद्या तिने उघड्या मंचावर आणली. आमच्याकडे धालोच्या मांडावरून जत्रेच्या मांडवात अगदी अलीकडेपर्यंत अशी कुणी चालत आली नाही.

मालवणी भाषेला मोठा मंच मिळाला तो नाटकातून. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आले, मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच केला आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ बसवतात आणि त्यात एकेक गोंधळ होत जातो, हा त्याचा विषय. या नाटकाने मालवणी बोलायची लाज घालवली, हे उपकार मोठे आहेत. पण त्याच्या केंद्रस्थानी पुरुषांची मांदियाळी आहे. मालवणीचा ठसका जगाला ऐकू आला तो पुरुषाच्या तोंडून. बाजारात, विहिरीवर, बांधावर हीच भाषा बायका अधिक धारदार वापरतात, तो ठसका बाजूच्या भूमिकांत राहिला.

मालिकांचेही तसेच. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आकेरीतल्या वाड्यात चित्रित झाली आणि तिचा दुसरा भाग २०१९ मध्ये सुरू झाला. त्यातले अण्णा नाईक, सोसणारी माई आणि शेवंता घराघरांत पोचले. जरा थांबून पाहिले तर माई आणि शेवंता या दशावतारातल्याच दोघी आहेत, पतिव्रता आणि सवत. साचा देवळाच्या मांडवातून दूरदर्शन संचात आला, तोही न मोडता. तरी शेवंतेला मिळालेली प्रेक्षकांची माया पाहण्यासारखी होती. आख्यानातल्या सवतीला अशी माया कधी मिळाली नसेल. तिला अभिनेत्रीने, अपूर्वा नेमळेकर यांनी, उभे केले होते, आणि मला वाटते त्या मायेचे एक कारण तेही आहे.

उत्तरेकडे, रत्नागिरी-रायगडात, शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. शक्तीवाले शक्तीला श्रेष्ठ ठरवतात, तुरेवाले शिवाला. स्त्रीतत्त्व मोठे की पुरुषतत्त्व, हा वाद रात्रभर ढोलकीवर चालतो, आणि दोन्ही बाजूंनी गाणारे बहुतेक पुरुष. अलीकडे शाहिरा दिसू लागल्या आहेत. त्या कुठल्या बाजूने काय मांडतात, हे कुणीतरी बसून टिपून ठेवायला हवे.

सिंधुदुर्गातही हालचाल आहे. कुडाळला गेली बरीच वर्षे वटपौर्णिमेला काही पुरुष वडाची पूजा करतात, सूत गुंडाळतात, हीच बायको जन्मोजन्मी मिळो म्हणतात. वर्तमानपत्रे दरवर्षी त्याची बातमी देतात. व्रताचा भार एकट्या बाईवर नको, ही त्यामागची भावना मला मनापासून आवडते. फुगडीच्या आता स्पर्धा होतात, ध्वनिक्षेपक लागतात, बायका एका रंगाच्या साड्या नेसून उतरतात आणि गाणी मोबाइलवर फिरतात. यात मिळकत आहे, मान आहे. पण परीक्षकांसमोर सासूचे गाणे येत नाही. तिथे येतात देवाची गाणी आणि समाजप्रबोधनाची. ओसरीवरचा मोकळेपणा स्पर्धेत गळून पडतो, आणि ज्यांना जुनी चावट गाणी येतात त्या बायका आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत.

सगळ्यांत मोठी हालचाल म्हणजे स्त्रियांचे दशावतार. अलीकडच्या काळात जिल्ह्यात फक्त स्त्रियांच्या दशावतार संचांनी प्रयोग सुरू केले आहेत. बाई राजा होते, बाई संकासुर होते, आणि द्रौपदीही बाईच होते. मांडावरची सोंगे अशा रीतीने प्रथमच सगळ्या गावासमोर आली. पुरुषांची नक्कल करायची जुनी सवय इथे कामी येते; राजपार्टाची ऐट, मिशीवरचा हात, तलवार उपसण्याचा आवेश बायका नेमका उचलतात. अडचण द्रौपदीचीच होते. स्त्रीपार्टी नटांनी घडवलेली चाल, तोच गळा, तीच मान वेळावण्याची लकब इतकी रुजली आहे की बाईनेही बाई करताना पुरुषाने घडवलेली बाईच करायची, असा मोह पडतो. तो टाळायचा तर संवाद बदलावे लागतील, आणि दशावतारात संवाद नटाच्याच हातात आहेत, ही केवढी सोय. द्रौपदीने सभेत काय बोलायचे हे कुठल्याही पोथीने बांधलेले नाही. आजीच्या फुगडीतले, आईच्या मनीऑर्डरच्या वर्षांतले, स्वतःच्या बाजारातले वाक्य ती तिथे टाकू शकते.

त्यासाठी या संचांना जत्रेची रात्र मिळायला हवी. बक्षिसाच्या स्पर्धा आणि महोत्सव ठीक आहेत, पण दशावतार शिकायचा तो देवळासमोर, झोपेला आलेल्या पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या प्रेक्षकांपुढे, पहाटेपर्यंत. कुठली कंपनी आणायची हे देवस्थानाचे मानकरी ठरवतात. वर्षाकाठी एखाद्या जत्रेचा धयकालो स्त्रियांच्या संचाकडे देणे त्यांच्या हातात आहे. आणि मांडावर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना धालोची, फुगडीची गाणी येतात तोवर, पुढच्या पौषाआधी, ती उतरवून घ्यायला गावातल्याच शिकलेल्या मुलींनी वही घेऊन बसले पाहिजे, चावट गाण्यांसकट.